जुन्या गाडीचे ब्रेक लाइट: काय विकत घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, सँट्रो, इंडिका या गाड्या साताऱ्यात अजून रोजच्या कामाच्या आहेत. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे तिच्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता दहा वर्षांच्या पलीकडची. या वयात ब्रेक लाइट कधी ना कधी दगा देतोच. स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन "मागचा ब्रेक लाइट लागत नाही" एवढं म्हटलं की काउंटरवर एकेक वस्तू येऊ लागते. साधा बल्ब, एलईडी बल्ब, पेडलचा स्विच, अख्खा टेल लॅम्प, स्प्रेची बाटली, पेनासारखा टेस्टर, पिवळा मल्टिमीटर. यातलं कशाला पैसे घालावेत आणि काय तिथेच ठेवून यावं, हे इथे वस्तूगणिक लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. पैसे घालायचे ते चांगल्या स्विचवर, चांगल्या कंपनीच्या दोन साध्या बल्बांवर आणि घरी बनवायच्या एका टेस्ट लॅम्पवर, म्हणजे वीज पोचते का ते बघायच्या दिव्यावर. एलईडी बल्ब सगळ्यात शेवटी, तोही सगळं अर्थिंग (दिव्यातून गाडीच्या लोखंडावाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परतायची वाट, थोडक्यात 'अर्थ') नीट झाल्यावर आणि खाली दिलेल्या अटी पाळूनच. आणि बंद पडलेला दिवा "बल्ब गेला असेल" म्हणून बल्ब बदलून मोकळं होऊ नका. जुन्या गाडीत बल्ब शाबूत आणि होल्डर कुजलेला, असं फार वेळा निघतं.

दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं गाडीमागे घालवा. सीट आणि ब्रेक पेडल यांच्यामध्ये एक काठी आडवून पेडल दाबलेलं ठेवा आणि मागे जाऊन बघा. एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर फ्यूज आणि स्विच यांना दोष देण्याचं कारणच नाही, कारण ते दोन्ही बाजूंना सामाईक असतात. मग बल्ब, होल्डर, अर्थ किंवा त्या बाजूची वायर. दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज, मग स्विच. मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट असलेली गाडी असेल आणि तो एकटा लागत असेल, तर स्विच चांगला आहे हे तिथेच सिद्ध झालं. पेडल सोडल्यावरही दिवे चालूच राहिले तर बल्बाकडे बघूही नका, सरळ पेडलपाशी जा. आणि ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाइटऐवजी पार्किंग मिणमिणायला लागलं, इंडिकेटर अडखळला, डॅशबोर्डचे दिवे उजळले, तर तो अर्थिंगचा किंवा चुकीच्या बल्बाचा रोग आहे. एवढं बघून गेलेला माणूस काउंटरवर फसत नाही.

आता एकेक वस्तू.

टेस्ट लॅम्प

सगळ्यात कामाची वस्तू दुकानात तयार मिळत नाही, तिचे भाग मिळतात. सिंगल कॉन्टॅक्टचा, म्हणजे बुडाला एकच ठिपका असलेला, २१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर, एक चौरस मिलिमीटरची प्रत्येकी दोन मीटर लांब लाल आणि काळी वायर, दोन क्रोकोडाइल क्लिपा आणि लाल वायरीत बसवायला ५ अँपिअरचा फ्यूज. होल्डरला वायरी सोल्डर करायच्या, टोकांना क्लिपा लावायच्या, बल्ब तापतो म्हणून भोवती जाळी किंवा डब्याचं झाकण अडकवायचं. अर्ध्या तासाचं काम.

तयार पेन टेस्टरपेक्षा हा का बरा, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या, पिनेवर कीट चढून तिथे तीन ओहमचा अडथळा तयार झाला आहे. मल्टिमीटर लावला तर तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. एलईडीवाला पेन टेस्टरही झक्क पेटेल, त्याला काही मिलिअँपिअर पुरतात. पण ब्रेकच्या बल्बाला पावणेदोन अँपिअर लागतात. पेटलेल्या २१ वॅटच्या बल्बाचा स्वतःचा रोध सुमारे सात ओहम असतो. त्याच्या वाटेत तीन ओहम आणखी आले की व्होल्टेजचा मोठा हिस्सा वाटेतच जळतो आणि दिवा नुसता लालसर निखाऱ्यासारखा दिसतो. २१ वॅटचा टेस्ट लॅम्प त्याच जागी लावला की तोही तसाच मिणमिणतो आणि लपलेला दोष उघडा पडतो. ज्या वजनाचं काम करायचं त्याच वजनाने दोरी ओढून बघावी, तसंच हे.

पेन टेस्टरची आणखी एक खोड आहे. त्याचं टोक वायरीच्या वेष्टणात खुपसून तपासायची सवय लागते. त्या भोकातून पाणी शिरतं, तांबं आतून हिरवं आणि मग काळं पडतं, आणि दोन पावसाळ्यांत तिथेच नवी तक्रार उभी राहते. तपासणी कपलरच्या मागच्या बाजूने, पिनेला टेकवून करावी. पेन टेस्टर घ्यायचाच असेल तर आत खराखुरा छोटा बल्ब असलेला घ्या, एलईडीवाला नको.

एक सावधगिरी. ज्या गाडीत दिव्यांचं काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे आहे, तिथे २१ वॅटचा लॅम्प वाटेल त्या वायरीला लावू नये. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टणाच्या वायरींना कुठलाच टेस्टर लावू नये.

मल्टिमीटर

दोन-तीनशे रुपयांतला साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो, महागाची गरज नाही. बझर असलेला घ्या. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर व्होल्टेज जास्त दाखवतात, तेव्हा १२.६ च्या जागी १४ दिसायला लागले तर गाडीच्या आधी मीटरची बॅटरी बदला.

मीटरचा खरा उपयोग वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजण्यासाठी होतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, पेडल दाबलेलं, बल्ब पेटलेला. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं होल्डरच्या ब्रेकच्या पिनेला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर वाट साफ आहे. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याच्या अंगाला. इथे ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत मीटरची वायर पुरत नाही, तिथे टेस्ट लॅम्पला आणलेल्या वायरीचा उरलेला तुकडा जोडून लांबी वाढवा.

अर्ध्या-एक व्होल्टने काय बिघडतं, असं वाटेल. फिलामेंटच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. साडेतेरा व्होल्टच्या जागी बाराच पोचले तर उजेडाचा सुमारे तिसरा हिस्सा जातो. दिवा "लागतो आहे" असं दिसतं आणि मागच्या गाडीवाल्याला उन्हात तो दिसतच नाही.

पेडलचा स्विच

दोन्ही ब्रेक लाइट एकदम गेले आणि फ्यूज शाबूत असला, की शंका इथे घ्यावी. ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला, पायाच्या पोकळीत वाकून बघितलं की दोन वायरींचा हा छोटा स्विच दिसतो. त्याचं काम उलटं चालतं. पेडल मोकळं असताना पेडलच त्याचा दांडा आत दाबून ठेवतं आणि सर्किट तुटलेलं राहतं. पेडल खाली गेलं की दांडा स्प्रिंगने बाहेर येतो आणि दिवा लागतो. म्हणून दांडा आतच अडकला तर दिवा लागत नाही, आणि दांड्याला दाबणारं काही उरलं नाही तर दिवा विझत नाही.

तपासणी सोपी आहे. स्विचचं कपलर काढा आणि त्याच्या दोन पिना यू आकाराच्या छोट्या वायरीने जोडा. मागचे दिवे लागले तर स्विच गेला. नाही लागले तर एकेका पिनेला टेस्ट लॅम्प लावून बघा, दुसरी क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला. दोन्हींपैकी एका पिनेवर पूर्ण उजेड मिळालाच पाहिजे, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत किल्ली बंद असतानाही. तिथेच उजेड नसेल तर दोष फ्यूजकडे, उजेड असून दिवे नाहीत तर दोष स्विचच्या पुढे मागच्या बाजूला.

दुकानात तीन भावांचे स्विच दाखवतात. कंपनीच्या पाकिटातला, नामांकित पार्टवाल्याचा आणि बिनानावाचा. बिनानावाचा घेऊ नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. त्याचे प्लास्टिकचे आटे नट आवळताना झडतात, दांडा ओलाव्याने अडखळतो, आणि आतल्या संपर्कावरचा चांदीचा थर इतका पातळ असतो की दोन बल्बांचे साडेतीन अँपिअर तोडता-जोडता तो जळून जातो. पैशांचा फरक एका वेळच्या पेट्रोलपेक्षाही कमी. नामांकित पार्टवाल्याचा स्विच पुरेसा चांगला असतो.

जुना स्विच हातात घेऊनच दुकानात जा. दांड्याची लांबी, आट्याची जाडी आणि कपलरचा आकार, तिन्ही जुळवून बघा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालांत कपलर बदललेलं असतं. काउंटरवरच मीटर ओहमवर ठेवून, दोन्ही टोकं स्विचच्या पिनांना लावून दांडा अंगठ्याने वीसेक वेळा आतबाहेर करा. आधी मीटरची टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा. दांडा बाहेर असताना उरलेला आकडा अर्ध्या ओहमच्या आत आणि दर वेळी तोच राहिला पाहिजे. उड्या मारत असेल तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरला तरी हे करायचं, कारण बसवलेला इलेक्ट्रिकचा माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.

बसवताना लॉकनट सैल ठेवून स्विच फिरवत आत न्या. दांडा दाबला गेल्यावर स्विचचं आट्याचं टोक आणि पेडलची पट्टी यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मग नट आवळा, बेताने, प्लास्टिकचे आटे आहेत. पेडल हाताने जेमतेम दाबताच, ब्रेक धरू लागण्याच्या आधी, दिवा लागला पाहिजे. स्विच जास्त आत गेला तर तो पेडललाच खाली ढकलून ठेवतो. मग पेडल पूर्ण वर येत नाही, मास्टर सिलिंडरमधलं तेल परतायची वाट झाकलेली राहते, ब्रेक अर्धवट धरून राहतात आणि तापतात. दिव्याच्या दुरुस्तीतून ब्रेकचा बिघाड उभा राहतो तो असा. स्विच बसवल्यावर गाडी पाच-सात किलोमीटर चालवून, थांबून, चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन ऊब बघा. हात लावू नका, जवळच न्या.

दिवे सतत चालू राहण्याचं कारण बहुधा स्विच नसतोच. पेडलच्या पट्टीवर जिथे दांडा टेकतो तिथे बऱ्याच गाड्यांत रबराचं किंवा प्लास्टिकचं एक छोटं बूच असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते चुरा होऊन पडतं आणि दांडा मोकळ्या भोकातून आरपार बाहेर येतो. पायाखालच्या मॅटवर पांढुरके किंवा काळे तुकडे सापडले तर निदान झालं. हे बूच काही रुपयांचं असतं, ते न सांगता स्विच विकला जातो. हिशेब करा: दोन्ही बल्ब मिळून साडेतीन अँपिअर, ३५ अँपिअर-अवरची चांगली भरलेली बॅटरी दहा तासांत रिकामी. रात्री लावलेली गाडी सकाळी सुरू होत नाही, आणि नवी बॅटरी घेऊनही दुसऱ्या सकाळी तेच.

अँबेसिडर आणि जुन्या महिंद्रा जीपमध्ये गोष्ट वेगळी. तिथे स्विच ब्रेकच्या तेलाच्या लाइनमध्ये बसलेला असतो आणि तेलाच्या दाबाने चालतो. म्हातारा झाला की हलक्या ब्रेकला दिवा लागत नाही, जोर दिल्यावरच लागतो, किंवा पिनांजवळून तेल पाझरतं. पाझर दिसला तर त्याच दिवशी बदला. बदलल्यावर लाइनमधली हवा काढावी लागते, त्यामुळे हे काम ब्रेकच्या मेकॅनिककडेच द्यावं.

साधा बल्ब

ब्रेक आणि पार्किंग एकाच दिव्यात असणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत पी२१/५डब्ल्यू बल्ब असतो, २१ वॅटचं ब्रेकचं फिलामेंट आणि ५ वॅटचं पार्किंगचं. फिलिप्सचा १२४९९ किंवा ओसरामचा ७५२८ मागितला की हाच मिळतो. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. कुजलेल्या, ढिल्या होल्डरमध्ये जोर लावला तर तो उलटाही बसतो. मग पार्किंग लावल्यावर २१ वॅट कायम पेटतात आणि ब्रेक दाबल्यावर वाढलेला उजेड कोणाला कळतच नाही. दिसायला अगदी सारखा असणारा पी२१डब्ल्यू, म्हणजे बुडाला एकच ठिपका असलेला, त्या होल्डरमध्ये घातला तर तो एक ठिपका होल्डरच्या दोन्ही पिना एकत्र जोडतो, आणि ब्रेक दाबताच पार्किंग, नंबर प्लेट, डॅशबोर्ड सगळं पेटतं. बल्ब घेताना बुडाचे ठिपके मोजा. दोन.

प्रमाणानुसार या बल्बाच्या ब्रेकच्या फिलामेंटचा उजेड सुमारे ४४० ल्युमेन आणि पार्किंगचा ३५, म्हणजे बारापटीहून जास्त फरक. हा फरक मागच्या माणसाला डोळ्यांनी कळतो, तीच ब्रेक लाइटची सगळी भाषा. नाव नसलेल्या स्वस्त बल्बांत फिलामेंट मधोमध नसतं, मग रिफ्लेक्टर उजेड भलतीकडे टाकतो. चांगल्या कंपनीचा बल्बही शंभराच्या आत येतो. जोडीने बदला. एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही तेवढंच आयुष्य झालेलं असतं.

काढलेला बल्ब फेकण्याआधी बघून घ्या. काच आतून काळसर चंदेरी झाली असेल तर तो वयाने गेला. बुडाचे शिशाचे ठिपके वितळून चपटे झाले असतील, खड्डा पडला असेल, तर दोष होल्डरचा आहे आणि नवा बल्बही तसाच जाईल.

एलईडी बल्ब

याच्या बाजूने एक खरं, मोलाचं कारण आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजेडाला यायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी साडेचार मीटर पुढे गेलेली असते, जवळपास गाडीची एक लांबी. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडल्यावर जे एस आकाराचं वळण लागतं, तिथे उतारावर सगळे एकदम ब्रेक मारतात. तिथे साडेचार मीटरला किंमत आहे.

तरीही बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांना आम्ही पसंती देत नाही. जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर एका बिंदूतल्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. मक्याच्या कणसासारखे चारी बाजूंना चिप लावलेले बल्ब त्या बिंदूवर उजेड देतच नाहीत. सरळ मागून बघितलं तर झगमगाट, आणि जरा बाजूच्या लेनमधून बघितलं तर अंधुक. दुसरं, पार्किंग आणि ब्रेक यांतला फरक पुरेसा नसतो. पार्किंगच इतकं तेज असतं की रात्री ब्रेक दाबलेला कळत नाही. यवतेश्वर घाटात कासकडे चढताना पावसाळी धुकं असतं, सगळे पार्किंग लावून जातात, आणि नेमकं तिथेच हे उघडं पडतं. तिसरं, लाल काचेमागे पांढरा एलईडी लावतात. लाल काच पांढऱ्यातला लाल तेवढाच पुढे जाऊ देते, बाकीचा उजेड वाया. आणि गाडीच्या दिव्याला मिळालेली मान्यता फिलामेंटच्या बल्बासह असते, हेही लक्षात असू द्या.

घ्यायचाच असेल तर लाल चिपवाला, टोकाशी भिंग असलेला, दोन ठिपक्यांचा घ्या. दुकानाबाहेर एका बाजूला जुना आणि एका बाजूला नवा लावून, दहा पावलं मागे आणि मग दोन्ही बाजूंना तिरकं उभं राहून, उन्हात बघा. ब्रेक-पार्किंगचा फरक साध्या बल्बाइतका दिसत नसेल तर परत करा. आणि खराब अर्थिंगवर उपाय म्हणून एलईडी कधीच लावू नका. कमी करंट लागत असल्याने तो कुजलेल्या जोडावरही पेटतो, रोग झाकला जातो आणि त्याच अर्थवरचे इंडिकेटर मग मार खातात.

होल्डर, अर्थ आणि अख्खा टेल लॅम्प

सातारा-महाबळेश्वर पट्ट्यातला पाऊस आणि गाडीच्या मागे चिकटणारा चिखल यांचा सगळा मार इथे बसतो. सांगलीकडच्या गाड्यांचं दुखणं त्याहून खोल आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या वायरींत केशाकर्षणाने पाणी वेष्टणाच्या आत हातभर चढलेलं असतं. अशी गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर वायरीचं टोक सोलून बघा. तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापत मागे जायचं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, आणि धरलं असं वाटलं तरी महिन्याभरात सुटतं.

होल्डरमध्ये तीन गोष्टी बिघडतात. खालच्या स्प्रिंगांचा ताण जातो, पिना बसवलेली फायबरची चकती जळते, आणि पत्र्याचं अंग गंजून अर्थ तुटतो. स्प्रिंग बोटाने दाबून बघा, लगेच उसळी मारली पाहिजे. गंज वरवरचा असेल तर १८० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आतून फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. चकती काळी पडली असेल तर होल्डर बदलायचाच. सुटा होल्डर वायरीसकट मिळतो, त्यासाठी अख्खा टेल लॅम्प घ्यायची गरज नाही. मात्र विकत मिळणाऱ्या होल्डरच्या वायरी केसासारख्या बारीक निघतात. ०.७५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक असतील तर घेऊ नका.

अर्थची परीक्षा टेस्ट लॅम्पशिवायही होते. होल्डरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती जाड वायर जोडा. मिणमिणता दिवा झटक्यात उजळला तर दुसरं काही शोधू नका. डिकीत किंवा मागच्या पत्र्याला जिथे काळी वायर स्क्रूने आवळलेली असते, ती जागा उघडा, लोखंड चमकेपर्यंत घासा, नवी रिंग टर्मिनल लावा, दातेरी वॉशरसह आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग आवळणं असा उलटा क्रम नको. खराब अर्थ असला की ब्रेकचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, पार्किंगच्या फिलामेंटमधून, इंडिकेटरमधून. ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे मिणमिणतात ते यामुळे.

स्प्रेबद्दल एवढंच: कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा आणि गंज सोडवणारा स्प्रे वेगळा. साधा डब्ल्यूडी-४० पाणी हटवतो, पण मागे तेलकट थर ठेवतो, त्यावर धूळ बसते. बाटलीवर कॉन्टॅक्ट क्लीनर लिहिलेलं असेल तीच घ्या.

अख्खा टेल लॅम्प तेव्हाच, जेव्हा रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा उडाला असेल किंवा काच तडकली असेल. लोकल लॅम्पची लाल काच फिकट गुलाबी निघते, उन्हात धरून बघा. कडेचं रबर मऊ हवं. लॅम्पच्या तळाला पाणी निघून जायला छोटं भोक असतं. सिलिकॉनने चारी बाजू लिंपताना तेही बुजवतात आणि मग दिव्याची मासोळीची पेटी होते.

फ्यूज

लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. झाकणावर लिहिलेलाच घाला. बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज काढून बघा. नवा घालताच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत आणि टो-हुकच्या दिव्यासाठी काढलेल्या जोडांत आधी शोधा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याचा धागा घालणं म्हणजे आगीला वाट देणं.

वायरमनकडे दिलं तर

साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत जुन्या गाड्यांचे कसबी वायरमन आहेत आणि वायर आतून तुटली असेल तर त्यांच्याकडेच जावं. काम चांगलं की वाईट, हे ओळखायच्या खुणा सांगतो. चांगला माणूस आधी पेडल दाबायला लावतो आणि चारही दिवे बघतो, मगच पक्कड उचलतो. तो जोड सोल्डर करतो किंवा क्रिंप करतो (धातूची नळी दाबून पक्का करतो), त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवतो. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचे पैसे देऊ नका, एका पावसाळ्यात पट्टीचा डिंक सुटतो. बॅटरीपासून नवी वायर सीटखालून मागे ओढून "चालू करून दिला" असं म्हणत असेल तर जुनी वायर कुठे तुटली ते विचारा, आणि नव्या वायरीला फ्यूज कुठे लावला तेही. बदललेले सगळे भाग परत मागून घ्या.

पंधरा वर्षं झालेली खाजगी गाडी पुनर्नोंदणीसाठी आरटीओत नेली की दिवे तपासले जातात. त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी हे काम काढा. आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी तर नक्कीच. बिनदिव्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात तेव्हा अंधारात अचानक ब्रेक मारावा लागतो, आणि मागून येणाऱ्याला ते सांगणारा आपला दिवाच असतो.

काम झाल्यावर शेवटची तपासणी अशी: इंजिन चालू, पार्किंग चालू, डावा इंडिकेटर चालू, मग ब्रेक. इंडिकेटरची लय बदलता कामा नये, पार्किंग मंद होता कामा नये. तेच उजव्या इंडिकेटरने. मग इंजिन बंद करून किल्ली काढा आणि अंधारात मागे जाऊन दोन्ही दिवे विझलेत याची खात्री करा. ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन पी२१/५डब्ल्यू बल्ब जुन्या मोज्यात गुंडाळून, एक लाल आणि एक निळा फ्यूज आणि लॅम्पच्या स्क्रूला बसणारा छोटा स्क्रू-ड्रायव्हर ठेवा.